डिझेल किती, बर्फ किती, उरलं किती: बोटीचा हिशोब कशाला विचारतात?

2025च्या नोव्हेंबर-डिसेंबरात सागरी मत्स्य गणनेचे गणक डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोळीवाड्यांत, मच्छीमारांच्या वाड्यांत घरोघर फिरले. यावेळी हातात कागदांचा गठ्ठा नव्हता, मोबाइल होता. घरात माणसं किती, बोट स्वतःची की दुसऱ्याच्या बोटीवर जाता, जाळी कुठली, कर्ज आहे का, विमा आहे का. लोकांनी उत्तरं दिली. खरी कुजबुज नंतर धक्क्यावर सुरू झाली. "आज माणसं मोजली. उद्या डिझेल किती जाळता नि खलाशाला काय देता, तेही विचारतील. मग काय सांगायचं?"

मी रत्नागिरीच्या बाजूची. आमच्या घरी चार सिलिंडरची, गिलनेटची (पाण्यात पडद्यासारख्या सोडायच्या जाळ्याची) बोट होती आणि शाळेत असल्यापासून तिची वही लिहायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे हा प्रश्न कुणी विचारला की मला तो माझ्या वहीबद्दलच विचारल्यासारखा वाटतो. तो का विचारतात, उत्तराचं पुढे काय होतं आणि लोकांच्या मनातली भीती कितपत खरी आहे, हे जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगते.

हा प्रश्न आत्ताच महत्त्वाचा का, तर एकाच वर्षात बरंच काही घडलं. 22 एप्रिल 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. नोव्हेंबर 2025मध्ये केंद्राने किनाऱ्यापासून 12 ते 200 सागरी मैलांच्या पाण्यासाठी नवे नियम आणले. त्यात यांत्रिक बोटींना ऑनलाइन पास घ्यावा लागतो आणि सहकारी संस्थांनी खोल समुद्रात जावं असा आग्रह आहे. कर्ज किती द्यायचं, विम्याचा हप्ता किती ठेवायचा, खोल समुद्रात जाणं कुणाला परवडेल, या सगळ्या निर्णयांखाली एकच माहिती लागते: एक बोट वर्षाकाठी किती कमावते आणि किती घालवते. ही माहिती आपल्याकडे फार तुटपुंजी आहे.

काटा वजन सांगतो, वही हिशोब सांगते

मासळी किती आली हे मोजण्याची व्यवस्था देशात जुनी आहे. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था 1947 साली स्थापन झाली. तिची माणसं ठरावीक पद्धतीने बंदरं आणि दिवस निवडतात, धक्क्यावर उभी राहतात, आलेल्या बोटींतल्या काही बोटींची मासळी नोंदवतात आणि त्यावरून संपूर्ण किनाऱ्याचा अंदाज काढतात. बांगडा वाढला, तारली घटली, बोंबील कमी झाला अशा बातम्या वाचतो, त्यामागे हे काम असतं.

पण वजनावरून पोट भरलं का ते कळत नाही. समजा मागच्या वर्षी आणि यंदा एका बंदरावर तेवढीच मासळी उतरली. कागदावर सगळं ठीक. पण मागच्या वर्षी ती आठ वावांत (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट खोली) मिळत होती आणि यंदा त्यासाठी तीस वावांपर्यंत जावं लागलं, तर डिझेल वाढलं, दिवस वाढले, बर्फ वाढला. काट्याला यातलं काहीच दिसत नाही. वहीला दिसतं.

म्हणून जगभर मासळीच्या आकड्यांच्या जोडीला ताफ्याचे आर्थिक आकडे गोळा करतात. ताफा म्हणजे एकाच प्रकारे मासेमारी करणाऱ्या बोटींचा गट. युरोपीय संघाने 2017च्या नियमाने ही माहिती सगळ्या सदस्य देशांना बंधनकारक केली आहे. बोटीच्या लांबीनुसार आणि जाळ्याच्या प्रकारानुसार गट पाडायचे आणि प्रत्येक गटाचं उत्पन्न, मजुरी, इंधन, दुरुस्ती, भांडवल आणि कर्ज दरवर्षी नोंदवायचं. घरच्या माणसांनी पगाराशिवाय केलेलं कामसुद्धा त्यात पैशांत मोजतात. या शेवटच्या गोष्टीकडे मी नंतर येते, कारण आपल्याकडे सगळ्यात मोठी गळती तिथेच आहे.

एका बोटीची वही उघडून बघू

आता एक कल्पित ट्रॉलर, म्हणजे जाळं मागून ओढत नेणारी बोट, घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या खऱ्या बोटीचे नाहीत. पण वही लिहिणाऱ्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील.

सात दिवसांची फेरी. डिझेल 1,500 लिटर, 90 रुपयांनी 1,35,000. बर्फ 18,000. रेशन, गॅस, पाणी 15,000. ऑइल आणि किरकोळ दुरुस्ती 12,000. समुद्रात जायचा खर्च झाला 1,80,000. मासळी विकली 2,60,000ची, त्यातून दलालाचं कमिशन 13,000. उरले 67,000.

हा जो 67,000चा आकडा आहे त्याला अर्थशास्त्रात मूल्यवर्धन म्हणतात. विक्रीतून बाहेरून विकत घेतलेल्या वस्तू-सेवांचा खर्च वजा केला की जे उरतं ते. डिझेलचे पैसे तेल कंपनीला गेले. हे पैसे मात्र माणसांत वाटले जाणार. खलाशी आणि तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) मिळून 35,000. मालकाकडे 32,000. (रत्नागिरीच्या बोटींवर खलाशी पुष्कळदा नेपाळचे असतात, म्हणजे त्यांच्या वाट्यातला मोठा भाग आपल्या गावात खर्च न होता त्यांच्या गावी जातो. हेही वहीतूनच कळतं.)

मालकाला वाटतं, आठवड्याला 32,000 म्हणजे बरं चाललंय. ऑगस्ट ते मे अशा 25 फेऱ्या धरल्या तर 8,00,000 झाले. आता फेरी होवो न होवो, येणारे खर्च लावू. नवी जाळी, दोर, फ्लोट 2,00,000. बोट किनाऱ्यावर ओढून रंग, फळ्या, इंजिनचं काम 2,00,000. कर्जाचं व्याज 2,40,000. विमा आणि परवाने 60,000. एकूण 7,00,000. हातात राहिले 1,00,000.

आणि वहीत जो रकाना कधीच नसतो तो म्हणजे घसारा. बोट आणि इंजिन मिळून 50,00,000ची मालमत्ता, आयुष्य वीस वर्षं धरलं, तर दरवर्षी 2,50,000ची बोट झिजते. ते पैसे बाजूला पडले नाहीत, तर वीस वर्षांनी नवी बोट कशातून बांधणार? घसारा लावला की या बोटीचं वर्ष 1,50,000 तोट्यात गेलं.

रोख पैसा रोज खेळतो म्हणून तोटा दिसत नाही. घरातली माणसं जेवतात, गणपतीला नवे कपडे येतात, आणि दहा वर्षांनी इंजिन बसलं की सोनं गहाण पडतं. आमच्याकडे असंच झालं. बाबा स्वतः तांडेल होते. त्यांचा पगार मी कधी वहीत लिहिला नाही, कारण तो कुणी कुणाला दिलाच नव्हता. तो लिहिला असता तर आमची बोट ज्या वर्षांत "फायद्यात" होती, त्यातली निम्मी वर्षं लाल शाईत गेली असती.

विहीर एक, पंप वीस

एखादी बोट तोट्यात असेल तर तो मालकाचा प्रश्न, त्यात सरकारचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे, कारण समुद्र सगळ्यांचा आहे.

एका वाडीची एक विहीर धरा. पहिल्याने पंप लावला, भरपूर पाणी मिळालं. ते बघून दुसऱ्याने लावला, मग तिसऱ्याने. वीस पंप झाले. एप्रिलात पाणी खाली गेलं, तसं प्रत्येकाने पाइप खोल सोडला, मोठी मोटर घेतली. विहिरीचा झरा तेवढाच. पाणी तेवढंच, पण वाडीचं विजेचं बिल वीसपट. यात चूक कुणाची नाही. जो मोठी मोटर घेणार नाही त्याच्या वाट्याला नुसता चिखल येईल.

कॅनडाचे अर्थतज्ज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांनी 1954 साली मासेमारीबद्दल नेमकं हे मांडलं. कुणालाही उतरायची मुभा असेल, तर फायदा शून्यावर येईपर्यंत बोटी वाढत राहतात. यातून निघणारी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. बोटी वाढवत गेलो तर एका टप्प्यावर मासळी जास्तीत जास्त मिळते, त्यापुढे घटायला लागते. पण सगळ्या बोटींचा मिळून फायदा सर्वाधिक असतो तो टप्पा त्याच्या आधीच येऊन गेलेला असतो. म्हणजे मासळी अजून वाढतेय असं दिसत असतानाच ताफ्याची कमाई उतरणीला लागलेली असते. हा आधीचा टप्पा फक्त खर्चाच्या आकड्यांतून सापडतो, मासळीच्या आकड्यांतून नाही. जागतिक बँकेने 2017मध्ये हिशोब मांडला होता की जगातल्या मासेमारीने 2012 या एका वर्षात 83 अब्ज डॉलरची कमाई अशा प्रकारे गमावली.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कोळंबीच्या मासेमारीत हाच आधीचा टप्पा अधिकृत ध्येय म्हणून ठेवला आहे. तिथे बोटी कमी करत करत 52वर आणल्या. हे उदाहरण परिषदांतून खूप मिरवलं जातं. मला ते जसंच्या तसं इथे आणणं मान्य नाही. तिथे मोजक्या कंपन्यांच्या बोटी आहेत. इथे एका बोटीमागे आठ-दहा घरं आहेत, आणि निम्म्या बोटी थांबवल्या तर त्या घरांनी कुठे जायचं याचं उत्तर कुठल्याच आलेखात नसतं. पण म्हणूनच आपल्याला आपले आकडे लागतात. एक लाख रुपयांच्या मासळीमागे डोल, म्हणजे प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याच्या बोटीवर किती माणसं पोसली जातात, मासळीच्या थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीनवर किती, किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीत किती, ट्रॉलरवर किती? 5 फेब्रुवारी 2016च्या शासन आदेशाने पर्ससीनवर हंगामाची आणि संख्येची मर्यादा आली, तेव्हापासून दोन्ही बाजू भांडत आहेत. एक बाजू म्हणते हे समुद्र ओरबाडतात, दुसरी म्हणते आमच्या बोटीवर पंचवीस-तीस माणसं जगतात. दोन्ही विधानं तपासता येतील अशी आहेत. तपासायला लागणाऱ्या वह्या मात्र कुणी एकत्र केलेल्या नाहीत.

प्रत्येक बोटीला विचारत बसायचं का?

नाही. शितावरून भाताची परीक्षा करतात तसंच हे काम चालतं. फक्त भात नीट ढवळलेला पाहिजे. सर्वेक्षक डांबरी रस्त्यालगतच्या मोठ्या बंदरावर गाडीतून उतरला आणि समोर दिसणाऱ्या सहा सिलिंडरच्या बोटींना विचारून परत गेला, तर त्याने वरचंच शीत चाचपलं. खाडीतली दोन सिलिंडरची होडी, मालवणची रापण, सातपाटीचं वेगळं जाळं त्याच्या हाती लागलंच नाही.

म्हणून आधी गट पाडायचे: जाळं कुठलं, बोट केवढी, इंजिन किती, जिल्हा कुठला. मग प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून बोटी निवडायच्या. आणि शक्य असेल तर त्याच बोटींना वर्षानुवर्षं विचारत राहायचं, कारण एका वर्षाने काहीच कळत नाही. एखाद्या वर्षी बांगडा एवढा लागतो की भाव पडतो, एखाद्या वर्षी म्हाकूल (स्क्विड) चांगलं निघतं आणि सगळे सावरतात. तीन-चार वर्षांची ओळ मिळाली की हंगामाचा चढउतार आणि खरी उतरण वेगळी दिसायला लागते.

विचारण्याची वेळही महत्त्वाची. लिलाव चालू असताना तांडेलाला कर्जाचं व्याज विचारायला जाऊ नये. 1 जून ते 31 जुलै ही पावसाळी बंदी असते, बोटी शाकारलेल्या असतात, माणूस जाळं विणत बसलेला असतो. तेव्हा त्याच्या बाजूला बसलं तर तो वर्षाचा हिशोब तोंडपाठ सांगतो. फेरीचा खर्च मात्र त्याच आठवड्यात विचारावा, सहा महिन्यांनी डिझेलचे लिटर कुणालाही आठवत नाहीत.

बारीक मासळी आणि कुटी: नियम का मोडला जातो?

या भागावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण आर्थिक आकडे नसले की चांगला नियम कसा फसतो ते इथे लख्ख दिसतं.

महाराष्ट्राने 2023मध्ये 54 जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा म्हणून मान मिळाला. बारीक पापलेट पकडू नये, हे धक्क्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. "पिल्लू मारलं तर पुढच्या वर्षी काय?" हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तरी पाट्याच्या पाट्या येतात. लोक लोभी आहेत, अडाणी आहेत, असा निष्कर्ष काढणं सोपं असतं.

आता परत त्या कल्पित ट्रॉलरच्या वहीकडे जाऊ. 2,60,000च्या विक्रीत समजा 40,000 कुटीचे आहेत. कुटी म्हणजे बारीक, मोडकी, मिश्र मासळी. ती खाण्यासाठी न जाता मासळीच्या भुकटीच्या कारखान्याकडे जाते. मोठ्या आसाचं, म्हणजे मोठ्या भोकांचं जाळं लावलं तर बारीक मासळी निसटेल, हे 40,000 जातील. कमिशनचे 2,000 वाचतील. मालकाच्या हाती फेरीमागे 32,000 येत होते, तिथे तो 6,000नी तोट्यात जाईल. डिझेल तेवढंच, बर्फ थोडाच कमी, खलाशांची देणी तेवढीच.

म्हणजे नियम पाळणाऱ्या बोटीला त्याच आठवड्यात फटका बसतो. आणि निसटलेलं पिल्लू पुढच्या वर्षी मोठं होऊन कुणाच्या जाळ्यात येईल? कुणाच्याही. ज्याने सोडलं त्याच्याच जाळ्यात येईल असं थोडंच आहे. अशा वेळी नुसता दंड वाढवला तर चोरटी विक्री वाढते. हे आकडे समोर असते तर वेगळं काही ठरवता आलं असतं: मोठ्या आसाचं जाळं घेणाऱ्याला पहिली दोन वर्षं जाळ्याची किंमत द्या, किंवा एका बंदरातल्या सगळ्या बोटींनी एकाच दिवसापासून बदल करावा म्हणजे कुणी एकटा मागे पडणार नाही, किंवा कुटी विकत घेणाऱ्याकडे नोंद ठेवा. यातलं काय चालेल ते कुटीचा वाटा 5 टक्के आहे की 25 टक्के यावर अवलंबून आहे, आणि तो प्रत्येक ताफ्यात निराळा असणार.

डिझेल परताव्याचंही असंच. राज्य सरकार मच्छीमारांना डिझेलवरचा मूल्यवर्धित कर त्यांच्या सहकारी सोसायट्यांमार्फत परत देतं. तो लहान मच्छीमाराचा आधार आहे, थकला की घराघरांत ओढाताण होते. पण तो लिटरवर मिळतो, म्हणजे जास्त जाळणाऱ्याला जास्त. परतावा काढून घ्यावा असं मी म्हणत नाही. तीच रक्कम लहान बोटींकडे जास्त वळवता येईल का, हे ठरवण्यासाठी गटवार डिझेलचा आकडा पाहिजे, एवढंच.

भरपाई: वही नसली तर दुसरा कुणी आकडा ठरवतो

2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्यावरून गेलं. आमची बोट वाचली. पण किनाऱ्यावर ठेवलेली दोन जाळी गेली आणि हंगामाचे शेवटचे पंधरा दिवस गेले. पंचनाम्याला आलेल्या माणसाने जाळी लिहून घेतली. बुडालेल्या फेऱ्यांचा रकानाच नव्हता. पुढे एका कार्यालयात उत्पन्नाचा पुरावा मागितला. मी वही नेली. पानांना डिझेलचा वास, मिठाने कडा कडक झालेल्या, तारखा बाबांच्या पद्धतीने तिथींत घातलेल्या. समोरच्या माणसाने चार पानं उलटली आणि म्हणाला, "याच्यावर शिक्का कुठाय?" वही मी पिशवीत घातली आणि घरी आले.

ही एका घराची गोष्ट. मोठ्या प्रकल्पांत तीच गोष्ट हजारो घरांची होते. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात 2021मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाधित मच्छीमारांसाठी नुकसानभरपाईचं धोरण हवं, अशी भूमिका घेतली. पालघरमध्ये 76,000 कोटींहून मोठ्या खर्चाचं वाढवण बंदर उभं राहतंय आणि तिथल्या मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला आहे. प्रकल्प व्हावा की नाही हा वाद वेगळा. पण भरपाईची वेळ येते तेव्हा प्रश्न एकच असतो: प्रकल्पाआधी तुम्ही इथून किती कमवत होतात? त्याचं उत्तर नंतर शोधता येत नाही. आधीची चार-पाच वर्षं, त्याच पाण्यातली, त्याच जाळ्याची नोंद असेल तर ती पुरावा होते. नसेल तर समोरची बाजू जो अंदाज मांडेल त्यावर घासाघीस करावी लागते. शेतकऱ्याकडे निदान सातबारा असतो. समुद्राचा सातबारा नाही.

"आकडे दिले की आयकरवाले येतील"

ही भीती मी सगळ्यात जास्त ऐकली आहे आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. देशात 2008चा सांख्यिकी संकलनाचा कायदा आहे. त्याखाली घेतलेली माहिती फक्त आकडेवारीसाठीच वापरायची आणि माणूस ओळखू येईल अशा रूपात प्रसिद्ध करायची नाही, असं बंधन त्यात आहे. पण प्रत्येक सर्वेक्षण या कायद्याखाली होतंच असं नाही. म्हणून दारात आलेल्या माणसाला तीन गोष्टी विचाराव्यात: हे कुठल्या कायद्याखाली किंवा आदेशाखाली चाललंय, माझं नाव आणि बोटीचा नंबर आकड्यांपासून वेगळा ठेवणार का, आणि निकाल आमच्या सोसायटीला मराठीत मिळणार का. सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर आधी सोसायटीत विचारून मग माहिती द्यावी. यात उद्धटपणा काही नाही.

एक गैरसमजही दूर करते. कृषीचा दर्जा मिळाला म्हणजे मासेमारीचं उत्पन्न शेतीसारखं करमुक्त झालं, असं काहीजण धरून चालतात. राज्याने दर्जा दिला तो वीज, कर्ज, विमा अशा सवलतींसाठी. आयकराचा कायदा केंद्राचा आहे, तो वेगळा.

"सगळे खोटंच सांगतील, मग उपयोग काय?"

काहीजण सांगतील. पण बोटीचा हिशोब एकट्याच्या तोंडावर अवलंबून नसतो. डिझेलची नोंद सोसायटीत आहे, बर्फाची कारखान्यात, मासळीच्या भावाची लिलावात. इंजिन तासाला किती पितं हे मेकॅनिकला ठाऊक असतं. कुणी 1,500 लिटरच्या जागी 3,000 सांगितलं, तर इतक्या दिवसांत ते इंजिन तेवढं जाळूच शकत नाही हे सर्वेक्षकाला लगेच कळतं.

शिवाय खोटं दोन्ही बाजूंनी चावतं. कराच्या भीतीने उत्पन्न कमी सांगितलं, तर भरपाईच्या वेळी तोच कमी आकडा आपल्या विरोधात उभा राहतो आणि बँकही तेवढंच कर्ज देते. खर्च फुगवून सांगितला, तर "हा धंदा मुळातच तोट्याचा, बोटी कमी करा" म्हणणाऱ्याला आयतं हत्यार मिळतं.

"हे आकडे आमच्यावरच उलटतील"

उलटू शकतात. आकडे गोळा होतील, अहवाल इंग्रजीत लिहिला जाईल, धक्क्यावरच्या माणसाला तो कधी दिसणार नाही आणि एक दिवस नवी बंदी येईल, ही शक्यता मी नाकारत नाही. पण बंदी आकड्यांशिवायही येते, आलेली आहे. आकडे असले तर निदान सोसायटी उठून म्हणू शकते की या नियमाने आमच्या गटाचं फेरीमागे इतकं नुकसान होतंय, ते कोण भरणार. माझं मत असं की हा हिशोब सरकार आणि सोसायट्यांनी मिळून ठेवावा. वही सोसायटीकडे, नमुना निवडण्याची पद्धत शास्त्रज्ञांकडे, आणि बेरीज दोघांसमोर. सोसायटीच्या वार्षिक सभेत ती वाचून दाखवली, तर पुढच्या वर्षी माहिती मिळवायला घरोघर विनवण्या कराव्या लागणार नाहीत.

वहीचं मागचं पान

शेवटी त्या गळतीकडे येते. हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी लिलाव बघा. बोली लावणाऱ्या, पाटी उचलणाऱ्या, उधारी लक्षात ठेवणाऱ्या पुष्कळशा बायका असतात. मासळी निवडायची, खारवायची, वाळत घालायची, पावसाळ्याच्या आधी सुकट भरून ठेवायची, बाजारात बसायचं. बोटीचं सर्वेक्षण धक्क्यावर संपतं आणि हे सगळं काम धक्क्याच्या पुढे सुरू होतं, म्हणून ते मोजलंच जात नाही. मग बोटीचं नुकसान झालं की मालकाचा आकडा निघतो, खलाशाचा निघतो, टोपलीवाल्या बाईचा निघत नाही. युरोपात घरच्या माणसांचं बिनपगारी काम बोटीच्या हिशोबात धरतात, ते मी वर सांगितलं ते यासाठी.

आमच्या वहीत पुढच्या पानांवर बोट होती. मागच्या पानावर, उलट्या बाजूने, आईची नोंद असायची. पेन्सिलीने. जवळा अमुक पायल्या, बोंबलाच्या माळा इतक्या, कोण किती देणं. पाऊस लागला की त्या दोन महिन्यांत घर त्याच पानावर चालायचं. इतकी वर्षं बेरीज मी करत होते आणि ते पान मी एकदाही बेरजेत घेतलं नाही.

ऑगस्टात नवी वही करणाऱ्यांनी रकाने असे पाडावेत: तारीख, किती वाव पाण्यात गेलो, इंजिनचे तास, डिझेलचे लिटर, बर्फ, रेशन, मासळी जातवार आणि भाव, कुटी वेगळी, कमिशन, खलाशांचं देणं, तांडेल घरचा असला तरी त्याचा पगार, आणि सुकटीचं पान पुढे, बोटीच्या शेजारी. सगळं शाईने.